जुन्या जीपला नवा गिअरबॉक्स

डोणगावहून मेहकरकडे जुनी विलीज जीप नेताना तिसऱ्या गिअरच्या पुढे हात जातच नाही, कारण पुढचा गिअरच नाही. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या या गाड्यांचा गिअरबॉक्स तीन गिअरचा. पहिल्याला सिंक्रोमेश नाही, म्हणून गाडी चालती असताना तो टाकला की दाते कुरकुरतात. म्हणून अनेकांना पाच गिअरचा बॉक्स बसवावासा वाटतो. पाचव्यात त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, आवाज आणि झीज दोन्ही कमी.

काम मात्र चार बोल्टचं नाही. इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये जाड अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते. तिची भोकं केसभर जरी सरकली तरी दोन्हींचे शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत, आणि बेअरिंग, क्लच लवकर जातात. म्हणून लेथवर डायल गेज लावूनच ती बनवून घ्यावी. क्लचप्लेटचा व्यास जुन्या फ्लायव्हीलचा, पण मधल्या खाचा नव्या शाफ्टच्या हव्यात. शाफ्टचं टोक टेकतं तो पायलट बुशही नवा करावा लागतो. फोर-व्हील जीपमध्ये ट्रान्सफर केस बॉक्सच्याच पाठीला असते. तीही जुळवावी लागते, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते.

आरटीओत आधी विचारा. 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. त्यामुळे चेसिस न कापता बसेल तेच करा, आणि मूळ बॉक्स भंगारात देऊ नका.