आभाळातल्या भंगारावर पहारा

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याचा सण. रात्रीची जेवणं व्हायची होती, एवढ्यात विदर्भाच्या आकाशातून आगीचे लोळ एका ओळीत सरकताना लोकांनी पाहिले. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान पेटल्याची शंका घेतली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास दोन-तीन मीटर, वजन 40 किलोंहून अधिक. आसपास धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. चीनने 2021 साली सोडलेल्या एका अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असं जाणकारांनी सांगितलं.

ती बातमी वाचली आणि मला 1979 सालचा जुलै आठवला. ‘स्कायलॅब’ ही अमेरिकेची 77 टनी अवकाश प्रयोगशाळा कोसळणार होती आणि जो तो माना वर करून बसला होता. आमचं घर कौलारू. आजीने एकच प्रश्न विचारला होता, “एवढं मोठं यंत्र वर धाडता येतं, मग ते पडणार कुठं, हे का सांगता येत नाही?” शाळकरी वयात मला उत्तर देता आलं नाही. 11 जुलैला स्कायलॅब पडली ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. आजीचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

वर काय फिरतंय हे कळतं ते मुख्यतः रडारमुळे. विहिरीत डोकावून हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसंच हे. रडार रेडिओलहरी सोडतं आणि वस्तूवर आपटून परतलेल्या लहरी टिपतं. 900 किलोमीटरवरच्या वस्तूकडून हा प्रतिध्वनी अवघ्या सहा सहस्रांश सेकंदांत परततो. त्या वेळेवरून अंतर कळतं आणि लहरींच्या बदललेल्या कंप्रतेवरून वेग. अडचण अशी की, अंतर दुप्पट झालं तर प्रतिध्वनी निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा उरतो. म्हणून ही रडारं अवाढव्य असतात.

शिवाय वस्तू थांबत नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे वीस सेकंदांत! क्षितिजावर उगवून मावळायला तिला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात. एकेका वस्तूमागे तबकडी फिरवत बसलं तर किती पुरणार? त्यावर तोड म्हणून आपल्या इस्रोने 2015 साली श्रीहरिकोट्याला नव्या धर्तीचं रडार उभारलं. त्यात हजारो छोट्या अँटेना एका फळीवर बसवलेल्या आहेत. फळी न हलवता, केवळ विजेच्या करामतीने लहरींचा झोत हवा तिकडे वळतो आणि एकाच वेळी दहा वस्तूंवर नजर ठेवता येते. 800 किलोमीटरवरचा फूटभर लांबी-रुंदीचा तुकडाही त्याला दिसू शकतो. अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या क्वाजालीन बेटांवर 2020 साली याहून कितीतरी तीक्ष्ण रडार कार्यान्वित केलं.

मग आजीच्या प्रश्नाचं काय? रडार सांगतं, वस्तू आत्ता कुठे आहे. ती पडणार कधी, हे ठरवतं वरचं विरळ वातावरण. सूर्य खवळला की ते तापून फुगतं, वस्तूला जास्त घासतं आणि ती लवकर खाली येते. स्कायलॅबचं हेच झालं. पडण्याच्या वेळेत अर्ध्या तासाची चूक झाली, तर जागेत साडेतेरा हजार किलोमीटरांची चूक होते. चंद्रपूर की चिली, हे आधी सांगणार कसं?

पण खरी काळजी पडणाऱ्या भंगाराची नाही, न पडणाऱ्याची आहे. 10 फेब्रुवारी 2009 रोजी सैबेरियावर, सुमारे 790 किलोमीटर उंचीवर, अमेरिकेचा चालू उपग्रह आणि रशियाचा निकामी उपग्रह एकमेकांवर आदळले. मोठे असे दोन हजारांवर तुकडे झाले. त्याआधी 2007 साली चीनने आपलाच जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा तीन हजारांहून अधिक. आपणही 27 मार्च 2019 रोजी अशी चाचणी केली. ती सुमारे 300 किलोमीटरांवर केल्याने बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळून गेले, तरी काही वर फेकले गेलेच. आठशे किलोमीटरांवरचा कचरा मात्र शतकभरही फिरत राहू शकतो.

नोंदवहीत चढलेल्या वस्तू आज तीस हजारांहून अधिक आहेत. त्या बहुतांशी दहा सेंटिमीटरांपेक्षा मोठ्या. एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांच्या वर असावेत, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांचा माग रोज ठेवता येत नाही, आणि बोराएवढा तुकडाही त्या वेगात उपग्रह निकामी करू शकतो. दिसणाऱ्यांपासून निदान बाजूला होता येतं. रडारचा इशारा आला की अंतराळ स्थानक आपली कक्षा किंचित बदलतं; आपले उपग्रहही तसेच सरकवले जातात. त्यासाठी 2022 पासून बंगळुरूला इस्रोचं खास केंद्र आहे.

रडार म्हणजे गावचा जागल्या. तो हाळी देईल, घाण काढणार नाही. ती न करणं आपल्याच हाती. काम संपलेला अग्निबाण इंधन राखून ठेवून निर्जन समुद्रात उतरवता येतो. 2030 पर्यंत आपल्या अवकाश मोहिमा कचरामुक्त करण्याचं उद्दिष्ट भारताने 2024 साली जाहीर केलं आहे.

आजी आज असती तर तिला सांगितलं असतं, “कुठं पडणार ते अजूनही नेमकं सांगता येत नाही गं. पण कुठं पाडायचं, हे आधीच ठरवता येतं.” ती म्हणाली असती, “मग ठरवत का नाहीत?”

या प्रश्नाला मात्र रडारकडे उत्तर नाही.