विश्लेषण : पक्षी नाहीसे झाले, आता झाडेही? ग्वामच्या जंगलात काय घडते आहे?

पश्चिम प्रशांत महासागरातील ग्वाम या अमेरिकेच्या ताब्यातील बेटावरची जंगले आज जवळपास निःशब्द आहेत. पक्षीच उरलेले नाहीत. त्याची झळ आता झाडांनाही बसत असल्याचे संशोधक सांगतात.

पक्षी कसे संपले?

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालासोबत तपकिरी वृक्षसर्प बेटावर आला. रात्री झाडावर चढून अंडी-पिल्ले फस्त करणारा असा शत्रू स्थानिक पक्ष्यांना माहीतच नव्हता. पक्षी घटू लागले तेव्हा संशय आधी कीटकनाशके आणि रोगराईवर गेला. सापाचा दोष ठळकपणे मांडला तो जुली सॅव्हिज यांच्या १९८७ च्या शोधनिबंधाने. तोवर उशीर झाला होता. मूळच्या १२ वनपक्ष्यांपैकी १० ग्वाममधून नाहीसे झाले.

झाडांचे काय बिघडले?

पक्षी फळ गिळतो, गर पचवतो आणि बी दूर कुठेतरी विष्ठेतून टाकतो. गर निघाल्यामुळे अनेक बिया अधिक चांगल्या रुजतात. शिवाय त्या मूळ झाडाच्या सावलीतून सुटतात. झाडाखालीच पडलेल्या बियांची दाटी होते, बुरशी आणि किडीही तिथेच जास्त. वादळात झाडे कोसळून उघड्या झालेल्या जागी नवे झाड यायचे तर बी तिथवर पोहोचायला हवी. ग्वाममध्ये ती पोहोचवणार कोण? फळे खाणारी वटवाघळेही तिथे मोजकीच उरली आहेत.

पुरावा काय?

सायपान, टिनियान, रोटा या शेजारच्या बेटांवर पक्षी अजून आहेत. त्यामुळे तुलना शक्य झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पक्षी नाहीसे झाल्यामुळे ग्वाममध्ये दोन जातींच्या नव्या झाडांची भर ६१ ते ९२ टक्क्यांनी घटली असावी. त्यांतील एक ‘प्रेम्ना सेराटिफोलिया’, म्हणजे आयुर्वेदातला अग्निमंथ, आपल्या किनारपट्टीवरही वाढतो.

उपाय आहे का?

पॅरासिटामॉल भरलेले मेलेले उंदीर हेलिकॉप्टरमधून जंगलात टाकले जातात. आपल्याकडे तापावर घेतली जाणारी ही गोळी या सापाला मारक ठरते. पण साप लाखोंच्या घरात आहेत. ‘साली’ हा मैनेच्या कुळातील पक्षी मात्र हवाई तळाच्या आसपास तग धरून आहे आणि बियाही पसरवतो. त्याचा वावर मुख्यतः वस्तीजवळ. आतल्या जंगलाचा आणि त्याच्या चोचीत न मावणाऱ्या फळांचा प्रश्न तसाच आहे.