छातीच्या रेकॉर्डिंगमधून हृदयाची धडधड कशी काढतात?

थंडी पडली की श्रीगोंद्यात घराघरांतून खोकल्याचे आवाज सुरू होतात. अलीकडे नवीन पद्धत निघाली आहे. बाळाच्या छातीला मोबाईल लावायचा, रेकॉर्डिंग करायचे आणि व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना पाठवायचे. मागे मोहल्ल्यातल्या एका खालाने आम्हाला असेच ऐकवले. "सर, घरघर सुनाई दे रही क्या?" आम्हाला ऐकू आली ती धडधड आणि कपड्याची खसखस.

चूक खालाची नाही. हृदय आणि फुप्फुसे शेजारी-शेजारी आहेत, आणि ठोका श्वासापेक्षा ठळक. मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा धडकते, श्वास मात्र १२ ते २० वेळा. म्हणजे एका श्वासात चार-पाच ठोके येणारच. लहान मुलांत तर दोन्ही गती जास्त आणि छाती एवढीशी.

डॉक्टरांचा कान सरावाने यातला श्वास वेगळा ऐकतो. मशीनला ते शिकवावे लागते. आपल्या मुंबईच्या आयआयटीतल्या टीमने २०२० मध्ये कोरोनाच्या काळात डिजिटल स्टेथोस्कोप पुढे आणला, तो छातीचा आवाज ब्लूटूथने डॉक्टरांच्या फोनवर पाठवतो. असा आवाज दूर बसून ऐकायचा, तर तो साफही हवा.

सोपा उपाय म्हणजे खालचा जाड आवाज कापणे. हृदयाचा आवाज बहुतेक २० ते १५० हर्ट्झमध्ये असतो. पण श्वासाचाही बराच भाग तिथेच आहे. कव्वालीच्या रेकॉर्डिंगमधून डग्गा काढायला गेलो आणि कव्वालाचा खर्जही गेला, तसे होते.

दुसरी युक्ती जास्त हुशार. पंख्याच्या घरघरीत कोणी नात पढत असेल, तर एक माईक पढणाऱ्याजवळ आणि दुसरा पंख्याजवळ ठेवायचा. दुसऱ्याच्या आधाराने पहिल्यातला पंख्याचा आवाज ओळखून वजा करायचा. अमेरिकेत विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेले गणित इथे कामी येते, ते चुकत-सुधारत स्वतःला जुळवून घेते. छातीच्या बाबतीत पंख्याजवळच्या माईकची जागा ईसीजी घेतो, कारण ठोका नेमका कधी पडला हे तो सांगतो.

तिसरी पद्धत रफूची. ठोका जिथे आहे तेवढा तुकडा कापायचा आणि आजूबाजूच्या श्वासाच्या नमुन्यावरून भोक भरायचे. रफू चांगला झाला तर कानाला कळतही नाही.

आमच्या मते भीती इथेच आहे. न्यूमोनियात श्वास घेताना जो बारीक चरचर आवाज येतो, त्यातला एकेक चटका सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही छोटा असतो. तो नेमका ठोक्याच्या वेळी आला, तर धडधडीबरोबर तोही पुसला जाईल आणि रेकॉर्डिंग छान स्वच्छ वाटेल. म्हणून साफ केलेल्या आवाजासोबत मूळ रेकॉर्डिंगही डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. मोबाईलमधली आवाज साफ करणारी ॲप तर बोलण्यासाठी बनलेली, त्यांना श्वास म्हणजेच कचरा.

खालाचा नातू आठ महिन्यांचा. आम्ही म्हटले, मोबाईल ठेवा, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर मोजत बसायचेही नाही. खालाने मोजले, ५६ भरले. मगरिबच्या आत ती नातवाला घेऊन दवाखान्यात पोहोचली होती.