समुद्र भेटतात, आणि मिसळतातही

दर काही महिन्यांनी तो व्हिडिओ पुन्हा फिरू लागतो. एका बाजूला गडद निळं पाणी, दुसऱ्या बाजूला दुधट हिरवं, मधोमध फेसाची वाकडीतिकडी रेघ. खालच्या मजकुरात म्हटलेलं असतं, की अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर इथे एकमेकांना भेटतात, पण त्यांचं पाणी कधीच मिसळत नाही. पुढे हमखास असतं, की विज्ञानाकडे याचं उत्तर नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे शेवटचं वाक्य. समुद्रविज्ञानाच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात पहिल्या दोन-तीन प्रकरणांत या प्रश्नाचं उत्तर सापडतं. तरीही शिकलेली माणसं हा व्हिडिओ पुढे पाठवतात, शिक्षक तो वर्गात दाखवतात, आणि मुलं प्रकल्पाच्या वहीत उतरवून घेतात.

आधी नकाशा उघडू. या मजकुराबरोबर सर्वाधिक फिरणारं छायाचित्र अलास्काच्या आखातातलं आहे. हे आखात पूर्णपणे पॅसिफिक महासागरात आहे. अटलांटिक तिथून अख्खा उत्तर अमेरिका खंड ओलांडल्यावर लागतो. म्हणजे जे दोन महासागर भेटत असल्याचं सांगितलं जातं, त्यातला एक तिथे नाहीच.

हे छायाचित्र २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतले समुद्रशास्त्रज्ञ केन ब्रुलँड यांनी एका संशोधन मोहिमेत काढलं होतं. त्यांना तिथे लोह शोधायचं होतं. अलास्कातल्या हिमनद्या सरकताना खालचा खडक दळत जातात. तो पिठासारखा बारीक गाळ कॉपर नदीसारख्या नद्या समुद्रात आणून ओततात. गाळाने भरलेलं ते गोडं पाणी फिकट दिसतं, तर आखाताच्या आतल्या भागातलं खारं, स्वच्छ पाणी गडद निळं. आतल्या पाण्यात नायट्रेट भरपूर असतं, पण लोह फार थोडं, त्यामुळे सूक्ष्म वनस्पतिप्लवकांची वाढ तिथे अडून राहते. किनाऱ्याजवळ तयार होणारे मोठे भोवरे गाळाबरोबर लोह आत नेतात आणि आतल्या पाण्यात वाढ सुरू होते. थोडक्यात, ब्रुलँड तिथे गेले होते तेच मुळी या दोन पाण्यांची देवाणघेवाण अभ्यासायला, आणि त्यांचंच छायाचित्र जगभर ‘पाणी मिसळत नाही’ याचा पुरावा म्हणून फिरतं आहे. २०१३ मध्ये त्यांनी अलास्कातल्या एका वृत्तपत्राला स्पष्टपणे सांगितलंही, की हे पाणी शेवटी मिसळतंच. व्हिडिओ मात्र थांबला नाही.

अशी रेघ पाहायला अलास्काला जायची गरज नाही. पावसाळ्यात दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी, बाणकोटला सावित्रीच्या मुखाशी किंवा पणजीजवळ मांडवीच्या मुखाशी उभं राहून पाहा. सह्याद्रीवरून आलेलं तांबडं, गढूळ पाणी समुद्रात पसरतं आणि पुढे हिरवट पाण्याशी त्याची स्पष्ट सीमा दिसते. त्या सीमेवर फेस, पालापाचोळा, लाकडाचे तुकडे आणि आता प्लास्टिकही गोळा झालेलं असतं. हा केरकचरा तिथेच का जमतो? कारण दोन्ही बाजूंचं पाणी त्या रेघेकडे सरकत असतं. जड खारं पाणी हलक्या गोड्या पाण्याखाली बुडी मारतं, आणि तरंगणाऱ्या वस्तूंना खाली जाता येत नाही म्हणून त्या वर राहतात. भिंत असती तर पाणी तिच्यापाशी अडलं असतं. इथे ते खाली शिरत असतं. आणि मुख्य म्हणजे, पावसाळा सरल्यावर ही रेघ राहत नाही. चार महिने खाड्यांतून ओतलेलं सगळं गोडं पाणी गेलं कुठे, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.

मग रेघ काही काळ का होईना टिकते कशी? याचं उत्तर घनतेत आहे. एक घनमीटर गोडं पाणी सुमारे १००० किलो भरतं, समुद्राचं सुमारे १०२५ किलो. फरक अडीच टक्क्यांचा, पण थर वेगळे राहायला तेवढा पुरतो. घरी करून पाहायचं असेल तर काचेच्या पेल्यात मीठ घातलेलं कोकमाचं आगळ घ्या आणि चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू साधं पाणी सोडा. लाल थर खाली राहील, वर स्वच्छ पाणी. आता चमचा फिरवा, क्षणात सगळं गुलाबी होईल. समुद्रात हे ढवळण्याचं काम वारा, लाटा आणि भरती-ओहोटी करतात. ढवळणं थांबवून सगळं केवळ रेणूंच्या हालचालीवर सोपवलं, तर मिठाला एक मीटर अंतर पसरत जायला वीसेक वर्षं लागतील. म्हणून ‘सावकाश मिसळतं’ हे विधान खरं आहे. ‘मिसळत नाही’ हे खोटं आहे. या दोन वाक्यांमधला फरक बारीक नाही.

ज्यांना अजून शंका आहे त्यांच्यासाठी सव्वाशे वर्षांहून जुना पुरावा आहे. ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या महासागरांतून फिरलं. त्यावरून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केलं आणि १८८४ साली निष्कर्ष छापले. कुठल्या नमुन्यात मीठ थोडं जास्त होतं, कुठल्यात थोडं कमी. पण क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच निघालं. नद्या समुद्रात जे क्षार आणतात त्यांचं मिश्रण प्रत्येक खंडात वेगळं असतं. महासागर आपापल्या भिंतींआड बंद असते, तर प्रत्येकाच्या पाण्याची घडण वेगळी झाली असती. ती तशी नाही, कारण महासागरांचं पाणी साधारण हजार वर्षांत एकदा ढवळून निघतं, आणि सोडियमसारखे मुख्य क्षार त्या पाण्यात कोट्यवधी वर्षं राहतात.

आता आपल्याकडचं कन्याकुमारी. तिथे गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, की अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर इथे मिळतात आणि तिघांचे रंग वेगळे दिसतात. स्थानाच्या पावित्र्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते भक्तांचं आहे. पण भूगोलाचा दावा तपासायलाच हवा. आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या समुद्रसीमांच्या यादीनुसार बंगालच्या उपसागराची दक्षिण सीमा रामसेतूपाशी आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला आहे. म्हणजे तो उपसागर कन्याकुमारीला पोचतच नाही. त्याच यादीत अरबी समुद्राची किनाऱ्यालगतची हद्द कारवारजवळच्या सदाशिवगडापाशी संपते आणि तिथून खाली लक्षद्वीप समुद्र सुरू होतो. या सीमा नकाशे आणि जहाजवाहतुकीच्या सोयीसाठी माणसांनी आखल्या आहेत, पाण्याला त्यांचा पत्ता नाही. कन्याकुमारीला रंग वेगळे दिसतात हे मात्र बऱ्याचदा खरं असतं. कुठे खडक, कुठे उथळ वाळू, कुठे लाटेने उठलेला गाळ, कुठे ढगाची सावली. त्या किनाऱ्याची वाळूही खरोखरच रंगीत आहे, गार्नेटमुळे तांबूस आणि इल्मेनाइटमुळे काळी.

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्यात खरी गाठभेट होते ती किनाऱ्यावर उभं राहून दिसण्यासारखी नाही, आणि माझ्या मते ती कुठल्याही व्हिडिओपेक्षा थोर आहे. दोन्ही समुद्र एकाच अक्षांशांवर, पण स्वभावाने अगदी वेगळे. अरबी समुद्रात पाऊस-नद्यांनी येतं त्याहून जास्त पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून तो खारट. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी रिकाम्या होतात आणि वर पाऊसही धो धो पडतो. अरबी समुद्राच्या वरच्या थरात किलोभर पाण्यामागे ३६ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर हे प्रमाण ३१ ग्रॅमच्याही खाली जातं. दोघांमध्ये भिंत असती, तर एक दरवर्षी अधिक खारट आणि दुसरा दरवर्षी अधिक गोडा होत गेला असता. तसं होत नाही, कारण मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलणारे प्रवाह हा हिशेब जुळवतात. पावसाळ्यात अरबी समुद्राचं खारट, जड पाणी श्रीलंकेच्या दक्षिणेकडून उपसागरात शिरतं आणि तिथल्या हलक्या पाण्याखाली जातं. पावसाळ्यानंतर उपसागराचं कमी खारट पाणी पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरतं, श्रीलंकेला वळसा घालतं आणि हिवाळ्यात केरळच्या किनाऱ्याने वर सरकतं. गंगेचं पाणी मलबारला पोचतं, ते असं.

हे अंदाजाने सांगितलेलं नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या प्रवाहांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. २०१६ च्या पावसाळ्यात ‘सिंधु साधना’ हे संशोधन जहाज उपसागराच्या दक्षिण भागात गेलं आणि आत शिरणारं खारट पाणी प्रत्यक्ष मोजून आलं. शिवाय जगभर पसरलेले सुमारे ४००० आर्गो तरंगक साधारण दहा दिवसांनी एकदा दोन किलोमीटर खोलीपासून वर येतात आणि तापमान, क्षारता उपग्रहाकडे पाठवतात. त्या नोंदी कुणालाही मोफत पाहता येतात. ‘विज्ञानाकडे उत्तर नाही’ असं लिहिणाऱ्याने त्या एकदा तरी पाहाव्यात.

याच नोंदींत व्हिडिओपेक्षा कितीतरी आश्चर्याची गोष्ट सापडते. पर्शियन आखातात आणि तांबड्या समुद्रात कडक उन्हाने पाणी आटून अतिखारट होतं. ते जड पाणी अरुंद सामुद्रधुन्यांतून बाहेर पडून अरबी समुद्रात उतरतं, आणि आपल्या घनतेला साजेशी खोली सापडली की आडवं पसरतं. पर्शियन आखाताचं पाणी साधारण ३०० मीटरच्या आसपास, तांबड्या समुद्राचं त्याहून खाली, ८०० मीटरच्या आसपास. क्षारतेच्या आलेखात दोन्ही थर फुगवट्यासारखे दिसतात आणि उगमापासून जसजसं दूर जावं तसतसे विरत जातात. पाणी आपली ओळख बराच काळ जपतं आणि वाटेत ती हळूहळू सोडतही जातं.

अशा सीमारेषांवर जीवसृष्टी गजबजते. दोन पाणी भेटतात तिथे पोषक द्रव्यं आणि प्लवक एकत्र येतात, त्यांच्यामागे तारली-बांगडे आणि त्यांच्यामागे सुरमईसारखे शिकारी मासे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांवरून पाण्याच्या तापमानातले आणि हरितद्रव्यातले असे सीमापट्टे शोधते आणि मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना मराठीसह किनारपट्टीच्या भाषांत देते. मच्छीमार या रेघांवर पोट भरतात. या रेघांना चमत्कार म्हणून सोडून देणं बरं नाही.

बाकीचे गैरसमज लवकर आटोपतो. समुद्र निळा दिसतो तो मुख्यतः पाणी लाल रंग शोषून घेतं म्हणून, आकाशाच्या प्रतिबिंबाचा वाटा दुय्यम आहे. मृत समुद्र हे सरोवर आहे. त्सुनामीचा भरतीशी संबंध नाही, २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी सुमात्राजवळ समुद्रतळ हलल्याने उठली. शांत समुद्राचा पृष्ठभागही सपाट नसतो. गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे श्रीलंकेच्या दक्षिणेला तो जवळजवळ १०० मीटर खोलगट आहे. सूर्यप्रकाशाशिवाय जीवन नाही ही समजूत १९७७ मध्ये मोडली, गॅलापागोसजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर उष्ण झऱ्यांभोवती किडे आणि शिंपले दिसले तेव्हा. आणि आपल्या श्वासातला निम्मा ऑक्सिजन समुद्र पुरवतो हे अर्धसत्य आहे. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रात होतं, पण तो ऑक्सिजन बहुतांशी समुद्रातले जीवच वापरून टाकतात.

एका गैरसमजाला मात्र एक ओळ पुरणार नाही, कारण त्यापायी दरवर्षी जीव जातात. समुद्र माणसाला तळाशी खेचून नेतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी परत जाताना अरुंद पट्ट्यातून वेगाने आत वाहतं. हा ओढीचा प्रवाह पोहणाऱ्याला खाली नेत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. त्याचा वेग कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो, म्हणजे पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकत नाही. माणूस बुडतो तो बहुधा किनाऱ्याकडे जाण्याची झटापट करून दमल्यामुळे. फसवणूक अशी, की हा पट्टा दोन्ही बाजूंच्या फुटणाऱ्या लाटांपेक्षा शांत दिसतो, म्हणून पर्यटक पोरांना घेऊन नेमके तिथेच उतरतात. त्यात सापडलात तर त्याच्याशी झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या. प्रवाह अरुंद असतो, बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतील. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या कोळ्यांना ओढ कुठे आहे ते विचारा.