चुनखडकातलं तेल कसं मोजतात?

▪ वेल लॉग : विहिरीत केबलने उपकरण सोडून घेतलेली, खोलीनुसार खडकाच्या गुणधर्मांची सलग नोंद. पहिली विद्युत नोंद : पेशेलब्रॉन, फ्रान्स, १९२७.

▪ बॉम्बे हाय (मुंबईजवळचं समुद्रातलं तेलक्षेत्र) : शोध १९७४, उत्पादन १९७६ पासून. मुख्य साठा मायोसीन चुनखडकात.

▪ घनता (ग्रॅम/घनसेंमी) : क्वार्ट्‌झ २.६५, कॅल्साइट २.७१, डोलोमाइट २.८७. घनता-नोंदीवरून सच्छिद्रता काढताना चुनखडकाला (कॅल्साइट) वालुकाश्माचा (क्वार्ट्‌झ) आकडा लावला, तर ती कमी भरते.

▪ ध्वनी-नोंद : विखुरलेल्या पोकळ्या बहुतांशी टिपत नाही, घनता व न्यूट्रॉन नोंदी टिपतात. फरकावरून दुय्यम सच्छिद्रतेचा (खडक बनल्यानंतर तयार झालेल्या पोकळ्यांचा) अंदाज.

▪ आर्ची समीकरण (१९४२) : खडकाच्या विद्युत रोधावरून त्यातल्या पाण्याचं प्रमाण काढण्याचं सूत्र; मूळ आधार वालुकाश्म. त्यातला सिमेंटेशन घातांक (पोकळ्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत, ते दाखवणारा) साधारण २. सुट्या पोकळ्यांच्या चुनखडकात त्याहून जास्त. तिथेही २ धरला, तर पाणी कमी आणि तेल जास्त दिसतं. कोअरच्या (विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या) नमुन्यावर पडताळणी म्हणूनच आवश्यक.