खाली रूळ, वर मजले

मुंबई एकदाची बांधून पुरी झाली, असे म्हणणारा माणूस अद्याप जन्माला यावयाचा आहे. बेटांमधल्या खाड्या बुजवून हे शहर उभे राहिले, तेव्हापासून त्याची खणाखणी अखंड चालू आहे. काळबादेवीच्या रस्त्याने १८७४ साली घोड्यांची ट्राम धावली. १९०७ साली घोडे जाऊन वीज आली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम निरोप घेऊन गेली. आणि आता त्याच काळबादेवीच्या पोटातून भुयारी रेल्वे धावते आहे!

तरीदेखील २०२४ आणि २०२५ ही दोन वर्षे मुंबईच्या इतिहासात वेगळी नोंदवावी लागतील. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी मार्चपासून वरळी ते मरीन ड्राइव्ह हा सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पुरी झाली. एवढे सगळे पाहून मध्यम स्थितीतल्या गृहस्थाच्या मनात एकच विचार येतो : "छान झाले हो! पण यात आमच्या वाट्याला काय?" प्रश्न साधा आहे, पण सगळ्या शहराचा हिशेब त्यात आहे.

प्लेगने शिकविलेला धडा

हा प्रश्न आजचा नव्हे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. दाटीवाटीच्या वस्त्यांत त्याने जो हाहाकार उडविला, त्यामुळे १८९८ साली सरकारने शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडल्या. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. मुंबईकर मध्यमवर्गाला हवेशीर बिऱ्हाडे मिळाली, ती या आखणीमुळे.

परंतु ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या, त्या सगळ्यांनाच काही नव्या जागा मिळाल्या नाहीत. पुष्कळजण जवळच्या चाळीत, आधीच भरलेल्या खोल्यांत, आणखी दाटी करून राहिले. रस्ता झाला, वाराही आला. पण ज्याच्यासाठी तो आणावयाचा, तो माणूस मात्र दुसऱ्या गल्लीत जाऊन बसला!

पाताळातली आगगाडी

भुयारी मेट्रोचे काम पाहिले म्हणजे इंजिनियरांच्या चिकाटीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. साडेतेहेतीस किलोमीटरांचा मार्ग, २७ स्टेशने. त्यांपैकी एकटे आरेचे स्टेशन तेवढे जमिनीवर. मुंबईच्या पोटात काळा कातळ. तो कापण्यासाठी प्रचंड यंत्रे खाली उतरविली. ती पुढे कातळ कोरीत जात आणि मागे काँक्रीटच्या कड्या बसवीत येत. मिठी नदीच्या खालूनदेखील हे भुयार गेले आहे.

खरी कसोटी लागली ती गिरगाव-काळबादेवीत. तिथे रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूंना जुन्या इमारती. सबंध रस्ता उकरून स्टेशन बांधण्याची सोय नव्हती. म्हणून लहानशा जागेतून खोल उतरावयाचे, मग आडवा कातळ थोडाथोडा फोडावयाचा, आणि फोडलेल्या भागाला लगेच काँक्रीटचा लेप देऊन आधार द्यावयाचा, अशी सावध रीत तिथे वापरली.

मात्र स्टेशनाच्या दारासाठी जमीन लागतेच. त्यापायी इथल्या काही इमारतींतल्या बिऱ्हाडकरूंना आपल्या खोल्या सोडाव्या लागल्या. त्यांना त्याच भागात नवी घरे देण्याचे ठरले आहे. प्लेगनंतरचा इतिहास ध्यानी घेतला, तर हे ठरणे फार मोलाचे आहे. आणि ते शब्दशः पाळले जाणे त्याहून मोलाचे. किंमत केवळ माणसांनीच मोजली असे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे येथील कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे पाडली गेली. गार डब्यात बसून जाताना त्या सावलीची आठवण ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

ज्याची मोटार त्याचा समुद्र

सागरी मार्ग नि अटल सेतू ही कामे निःसंशय भव्य आहेत. एकवीस किलोमीटरांहून लांब असलेल्या सेतूचा बहुतेक भाग पाण्यावर आहे. पण या दोन्ही मार्गांवर स्कूटर-मोटारसायकलीला मज्जाव आहे. म्हणजे मुख्य लाभ मोटारवाल्यांचा. शहराचा भार मात्र अजूनही लोकल गाडीच वाहते. रोज सत्तर लाखांच्या घरात माणसे तिच्यातून जातात-येतात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी लोकलच्या मार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगर्दीच्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले व काहीजण प्राणास मुकले. त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी धडपणे घरी परतावा, याहून मोठा प्रकल्प तो कोणता?

एकशेसाठ फुटांतून पाचशे फुटांत

घरांच्या बाबतीत मात्र वरळीची बातमी आनंदाची आहे. १९२० नंतरच्या काळात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ज्या चाळी बांधल्या, त्या बी. डी. डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच वरळीत, उंच इमारतींत, ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या गृहिणीने सगळा संसार एका खोलीत रेटला, तिला स्वतःचे स्वयंपाकघर मिळणे म्हणजे काय, हे तिलाच विचारावे. चाळीची गॅलरी गेली, एकमेकींच्या ओट्यावर वाटीभर साखर मागावयाची सोय गेली, हे खरे. पण शेजार आहे तोच राहिला. लिफ्टमध्ये का होईना, गाठ पडेलच.

एरवी होते ते असे : मेट्रो आली की आसपासच्या जागांचे भाव चढतात आणि भाडेकरू आणखी दोन स्टेशने पलीकडे सरकतो. परळचा भाऊ डोंबिवलीला जातो, दादरची बहीण विरारला. मग भाऊबीजेला ओवाळावयाचे तर आधी गाड्यांचे वेळापत्रक पाहावयाचे! वसई-दिवा असा आडवा लोहमार्ग आहे, पण त्यावर गाड्या थोड्या. लाख कोटींच्या गोष्टी चालल्या असताना त्या मार्गावर चार गाड्या वाढविणे, ही मागणी किरकोळ दिसेल. दोन घरांना ती किरकोळ नाही.

यापुढे नवा प्रकल्प जाहीर झाला, की त्याची लांबी आणि खर्च तर वाचावाच. पण त्याबरोबर तीन प्रश्न विचारावे. ज्यांच्या जागा गेल्या, ते त्याच वस्तीत राहणार का? स्टेशनाच्या दाराशी बस आणि चालावयास धड फुटपाथ आहे का? आणि भाडे दोन वेळच्या खेपेला परवडणारे आहे का? आपल्या विभागाच्या नगरसेवकाला हे विचारावयास पंडित असण्याची गरज नाही; दिवाळीच्या फराळाला तो घरी आलाच, तर तिथेच विचारून टाकावे.