उंचावलेल्या जीपचे स्टिअरिंग : दोष कसा शोधावा?

कोकणातील बागायतदाराच्या दृष्टीने जीप हे चैनीचे वाहन नव्हे, तर अवजारच होय. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हापासून ही गाडी खेड्यापाड्यांच्या ओळखीची झाली. पुढे सरकारी खात्यांतून निकालात निघालेल्या जुन्या जीपगाड्या अनेक बागायतदारांनी विकत घेतल्या. देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांतील कातळावरच्या आंबा-काजूच्या बागांत त्यांपैकी कित्येक गाड्या आजही राबताना दिसतात.

सड्यावरची वाट म्हणजे जांभ्याचे उंचवटे, मधूनच आडवा जाणारा व्हाळ आणि पावसाने उकरलेली पाणंद. अशा वाटेवर गाडीचे पोट दगडाला घासू नये, म्हणून पुष्कळजण गाडी उंच करून घेतात. कोणी लांब शॅकल बसवितात, कोणी कमानपाटे वाढवितात, तर कोणी मोठे टायर चढवितात. परंतु गाडी उंच केली की तिच्या स्टिअरिंगची मूळची घडी मोडते, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी येते. त्या घडीतील दोष पद्धतशीरपणे कसा शोधावा, हे या लेखात सांगण्याचा हेतू आहे.

एक अनुभव

गेल्या मे महिन्यात एका बागायतदारांची अशीच उंच केलेली जीप आंब्याचे खोके व दोन मजूर घेऊन सड्यावरून डांबरी रस्त्याकडे उतरत होती. प्रस्तुत लेखक त्यांच्या शेजारीच बसला होता. साकवाच्या अलीकडे एका खड्ड्यात उजवे चाक आपटले आणि पुढील दोन्ही चाके डावी-उजवीकडे थडथडू लागली. स्टिअरिंग हातात धरवेना. गाडी थांबली तेव्हा साकवाचा कठडा जेमतेम दोन हातांवर होता. मजुरांपैकी एक बाई उतरून जी चालू लागली, ती घरापर्यंत पायीच गेली.

चौकशी करता असे समजले की, ही थडथड दोन वर्षांपासून होती. तेवढ्या काळात टायर बदलून झाले होते, स्टिअरिंग बॉक्स दोनदा आवळून झाला होता आणि शेवटी चाकांची थरथर दाबून धरणारा डॅम्पर बसविण्यात आला होता. प्रत्येक वेळी काही आठवडे बरे वाटे आणि मग पुन्हा तेच. पान पिवळे पडले की कारण न पाहता युरिया टाकावा, तशातलाच हा प्रकार! पान अन्नद्रव्याच्या अभावाने पिवळे पडते, तसेच मुळाशी पाणी साचल्यानेही पडते. स्टिअरिंगच्या तक्रारींचेही असेच आहे. लक्षण एक, कारणे अनेक.

रचना समजून घ्यावी

या गाड्यांची पुढील दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर असतात व तो ॲक्सल कमानपाट्यांवर बांधलेला असतो. चाक ज्या खुंटीभोवती वळते ती किंगपिन. स्टिअरिंग बॉक्समधून निघालेला दांडा ड्रॅगलिंकमार्फत चाकाकडे ओढ पोहोचवितो आणि टायरॉड दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडून ठेवतो. जुन्या विलीज बनावटीत मध्ये बेलक्रँक नावाचा आणखी एक सांधा असतो.

किंगपिनचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असते. या झुकावास कॅस्टर म्हणतात. चाक आपोआप सरळ होते ते मुख्यतः याच्या बळावर. जुन्या विलीज जीपमध्ये हा झुकाव ३ अंश ठेवलेला असे. आकडा लहान आहे, पण सारी शिस्त त्यावर अवलंबून आहे. अखंड ॲक्सलमुळे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. सांधे घट्ट असतील तर तो तेथेच विरतो, ढिले असतील तर त्याचे थडथडीत रूपांतर होते.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी टायरची. दोन्ही बाजूंच्या टायरमध्ये हवा सारखी आहे काय, चाकाच्या चकत्यांचे नट आवळलेले आहेत काय व टायरची झीज एकसारखी आहे काय, हे पाहावे. चिखलाचे गोळे चकतीच्या आत वाळून बसले असतील तर तेवढ्यानेही चाकाचा तोल जातो. या पायरीला खर्च नाही, म्हणूनच ती प्रथम करावी.

दुसरी पायरी सांध्यांची. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी ठेवावी. सोबत्यास स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सारखे हलविण्यास सांगावे. गाडीला पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून हे करावे. आपण पुढच्या बाजूने वाकून प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने बोट ठेवावे. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तेथे ढिलेपणा आहे असे समजावे. ड्रॅगलिंक व टायरॉडची टोके, बेलक्रँकची पिन आणि स्टिअरिंग बॉक्स चासीला जेथे बोल्टांनी बसविला आहे ती जागा यांपैकी काहीही वगळू नये. बॉक्सच चासीवर डुलत असेल किंवा तेथे चासीला तडा असेल, तर बाकी सारे नवे घालूनही उपयोग नाही.

तिसरी पायरी चाक उचलून करावयाची. मागील चाकांना अडण लावावी, पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन त्याखाली भक्कम लाकडी ओंडका किंवा लोखंडी घोडी ठेवावी. जांभ्याचा चिरा आधाराला कधीही ठेवू नये. तो भाराखाली अचानक फुटतो. नंतर चाक वरून व खालून धरून हलवावे. ते डगमगत असल्यास सोबत्याला ब्रेक दाबण्यास सांगावे. ब्रेक दाबताच डगमग थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, थांबली नाही तर किंगपिनमध्ये आहे. एवढ्या साध्या परीक्षेने पुष्कळ व्यर्थ खर्च वाचतो.

चौथी पायरी कमानपाट्यांची. यू-बोल्ट आवळलेले आहेत काय, शॅकलचे बुश झिजले आहेत काय व पाट्यांमधील मधला बोल्ट तुटलेला नाही ना, हे पाहावे. हा बोल्ट तुटला म्हणजे ॲक्सल एका बाजूने सरकतो व गाडी एकीकडे ओढते. पाट्याच्या स्थिर पिनेपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजल्यास ही गोष्ट लगेच उघड होते.

पाचवी पायरी मापाची. चाके सरळ करून दोन्ही टायरच्या मध्यावर, पुढच्या बाजूस, ॲक्सलच्या उंचीवर खडूची खूण करावी व खुणांमधील अंतर मोजावे. गाडी हळू पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूस त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी असावे. जुन्या विलीज गाडीस हा फरक सुमारे १ ते २.५ मिलिमीटर एवढाच सांगितलेला आहे. इतर गाड्यांसाठी त्यांच्या पुस्तिकेतील आकडा घ्यावा.

उंची वाढविल्याने काय बिघडते?

वरील पाच पायऱ्यांत दोष सापडला नाही, किंवा सापडलेला दूर करूनही तक्रार राहिली, तरच उंचीकडे वळावे. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत लांब शॅकल बसविला की ते टोक चासीपासून खाली जाते, ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर घटतो. मग गाडी सरळ रस्त्यावर भरकटते व वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. यावर पाटा व ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची लोखंडी पट्टी घालतात. किंगपिनचे वरचे टोक मागे झुकेल, अशाच बेताने ती बसविली पाहिजे. पाचर उलटी बसल्यास दोष दुप्पट होतो. ॲक्सल असा फिरविताना पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोनही बदलतो, तोही तपासावा.

दुसरा परिणाम ड्रॅगलिंकवर होतो. गाडी उंच झाली की तिचा उतार वाढतो. मग खड्ड्यात ॲक्सल वर-खाली होताच, हात न हलविताही चाक थोडे वळते. स्टिअरिंग बॉक्सच्या दांड्याची लांबी व उंची योग्य करून ड्रॅगलिंक पुन्हा शक्य तितकी मूळच्या कलावर आणणे हाच त्यावर उपाय आहे. या भागांना वाकवून किंवा जोड देऊन काम भागविणे धोक्याचे आहे.

स्टिअरिंग बॉक्स आवळून दुसरीकडचा ढिलेपणा झाकण्याची चालही टाकून द्यावी. त्याने बॉक्स झिजतो आणि गाडी भरकटते. डॅम्परचेही तसेच. तो सुस्थितीतील गाडीला मदतनीस आहे, रोगट गाडीला औषध नव्हे.

वर वर्णिलेल्या जीपमध्ये तिसऱ्या पायरीलाच उजवीकडील किंगपिनचे बेअरिंग खिळखिळे आढळले. ब्रेक दाबूनही चाक डगमगतच राहिले. ते बदलल्यावर थडथड थांबली, परंतु गाडी अजूनही भरकटे. तेव्हा लांब शॅकल काढून मूळ मापाचे बसविण्यात आले. गाडी थोडी खाली आली, मात्र ती आता सरळ चालते. त्या बाई यंदा पुन्हा खोक्यांबरोबर मागे बसू लागल्या आहेत.

थडथड सुरू झाल्यास

ॲक्सिलरेटरवरील पाय हळू उचलावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, अंगठे मात्र आऱ्यांच्या आत घालू नयेत. जोराने ब्रेक न दाबता वेग उतरू द्यावा व गाडी कडेला घ्यावी. कारण सापडेपर्यंत तिच्यात माणसे बसवू नयेत आणि आंबोली, फोंडा किंवा करूळ घाटाकडे तर ती मुळीच नेऊ नये.

किनाऱ्यावरील विशेष काळजी

खाऱ्या हवेने यू-बोल्ट व पिना आतून गंजतात. पुळणीवर किंवा खाडीकाठी गाडी नेल्यास त्याच दिवशी ती गोड्या पाण्याने खालून धुवावी. व्हाळातून वारंवार जाणे झाल्यास चाकाच्या तुंब्यातील ग्रीस तपासावे. ते दुधासारखे पांढरट दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजून बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरावे. संपूर्ण तपासणी वर्षातून दोनदा तरी करावी. एकदा आंब्याच्या हंगामापूर्वी, माघ-फाल्गुनात, आणि एकदा पावसाळा सरल्यावर.

शेवटी एक सूचना. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून उंची वाढविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मुळात बागेची वाट दुरुस्त करून, दोन उंचवटे फोडून व व्हाळावर फरशी घालून काम भागत असेल, तर गाडी उंच करण्यापेक्षा तोच उपाय स्वस्त व निर्धोक होय.